शंभर शेअरांचा न्यायाधीश

१. लोक विचारतात तो प्रश्न

बंगळुरूच्या बेळ्ळंदूरमध्ये पगार दोन वाटांनी घरी येतो. एक वाट बँकेची, दुसरी शेअरची. आऊटर रिंग रोडच्या दोन्ही अंगांना ज्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्यांना पगाराचा काही भाग स्वतःच्या शेअरांत देतात. पुण्याहून, नागपूरहून, बेळगावहून इथे येऊन राहिलेल्या मराठी घरांत नवरा एका कंपनीत आणि बायको तिच्या स्पर्धक कंपनीत, असं सर्रास असतं. अशा ठिकाणी पेटंटच्या खटल्याची बातमी आली की एक प्रश्न हमखास निघतो : न्यायाधीशाच्याच घरात त्या कंपनीचे शेअर असले तर? त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : असले, तर एवढ्यातेवढ्या शेअरांनी माणूस विकला जातो का?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं असतं. तरीही पहिल्या प्रश्नामुळे अब्जावधी डॉलरचा निकाल रद्द होऊ शकतो आणि तसा तो झालेला आहे. हे कसं, ते या प्रकरणात पाहू.

२. पेटंटच्या खटल्यात ठरवायचं काय असतं?

पेटंट हा सरकारने शोधकर्त्याशी केलेला सौदा आहे. शोधकर्त्याने आपला शोध जगासमोर उघड करायचा. त्याच्या मोबदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं इतरांना तो वापरण्यापासून रोखण्याचा हक्क त्याला मिळतो. शोध नवा हवा, त्या विषयातल्या जाणकारालाही सहज सुचला नसता असा हवा आणि उद्योगात उपयोगी पडणारा हवा.

खटला उभा राहतो तेव्हा न्यायाधीशापुढे मुख्यतः दोन प्रश्न असतात. हे पेटंट मुळात टिकतं का? टिकत असेल, तर समोरच्याने ते मोडलं का? दोन्ही उत्तरं तंत्रज्ञानाच्या बारकाव्यांत दडलेली असतात आणि दोन्हींवर प्रचंड पैसा अवलंबून असतो.

बेळ्ळंदूरच्या एखाद्या कंपनीने पेटंटसाठी अर्ज केला तर तो चेन्नईच्या पेटंट कार्यालयात जातो, कारण कर्नाटक त्या कार्यालयाच्या हद्दीत येतं. पेटंट मोडल्याचा दावा मात्र बंगळुरूच्या न्यायालयात दाखल होऊ शकतो. त्यात प्रतिवादीने उलट मागणी केली, की हे पेटंटच रद्द करा, तर प्रकरण उच्च न्यायालयात जातं. पूर्वी पेटंट कार्यालयाच्या निर्णयांवरची अपिलं ऐकायला एक खास मंडळ होतं. ते २०२१ मध्ये बरखास्त झालं आणि ते काम उच्च न्यायालयांकडे आलं. म्हणजे हे सगळे प्रश्न आता अधिकाधिक अशा न्यायाधीशांपुढे येतात, जे सकाळी जामिनाचा अर्ज ऐकतात आणि दुपारी रेणूची रचना.

३. शंभर शेअरांचा खटला

रिंग रोडवर बेळ्ळंदूरच्या पुढे कडुबीसनहळ्ळीला सिस्को कंपनीचं मोठं आवार आहे. या कंपनीवर अमेरिकेत सेंट्रिपेटल नावाच्या एका छोट्या कंपनीने २०१८ मध्ये दावा लावला. नेटवर्कच्या सुरक्षेची आपली पेटंटं सिस्कोने मोडली, असं तिचं म्हणणं होतं. व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोकचे न्यायाधीश हेन्री मॉर्गन यांच्यापुढे खटला चालला. २०२० च्या मे-जूनमध्ये, कोविडच्या ऐन काळात, २२ दिवस व्हिडिओवरून सुनावणी झाली. ज्यूरी नव्हती. निकाल एकट्या न्यायाधीशांनी द्यायचा होता.

सुनावणी संपली, निकालाचा मसुदा बराचसा तयार झाला आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या कार्यालयातल्या सहायकाने लक्षात आणून दिलं, की त्यांच्या पत्नीच्या नावावर सिस्कोचे १०० शेअर आहेत. किंमत साधारण ४,६८८ डॉलर. मॉर्गन यांनी दुसऱ्याच दिवशी दोन्ही पक्षांना कळवलं. याचा आपल्या विचारावर काहीही परिणाम झालेला नाही, बहुतेक मुद्दे त्याआधीच ठरले होते, असंही सांगितलं. शेअर विकले तर आतल्या माहितीवर विकले असं दिसेल, म्हणून त्यांनी ते विकले नाहीत. एका विश्वस्ताच्या ताब्यात दिले. सेंट्रिपेटलची हरकत नव्हती. सिस्कोने मात्र न्यायाधीशांनी बाजूला व्हावं अशी मागणी केली. ती फेटाळून ५ ऑक्टोबर २०२० रोजी मॉर्गन यांनी निकाल दिला. तो सिस्कोच्या विरुद्ध होता आणि भरपाई होती सुमारे १९० कोटी डॉलर.

आता हिशेब करून पाहू. त्या काळात सिस्कोचे बाजारात साधारण ४२० कोटी शेअर होते. १९० कोटी डॉलरचा भार त्या सगळ्यांवर सारखा वाटला, तर एका शेअरमागे सुमारे ४५ सेंट पडतात. १०० शेअरांमागे ४५ डॉलर. न्यायाधीशांच्या घराला या निकालाने काही फरक पडलाच असेल तर तो एवढाच, आणि तोही तोट्याचा.

तरीही २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या पेटंट अपिलांच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तिथल्या कायद्यानुसार न्यायाधीशाचा किंवा त्याच्या जोडीदाराचा खटल्यातल्या पक्षात आर्थिक हितसंबंध असेल, मग तो कितीही लहान असो, तर त्याने तो खटला ऐकायचाच नाही. पक्षांनी संमती दिली तरी चालत नाही. शेअर विश्वस्ताकडे दिले म्हणजे मालकी सुटली असं होत नाही. ते विकून मोकळं व्हावं लागतं. खटला नव्या न्यायाधीशांकडे गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी सिस्कोने पेटंट मोडलंच नाही, असा निर्णय दिला.

पहिला निकाल पक्षपाती होता, असं कुठल्याही न्यायालयाने म्हटलेलं नाही. पेटंटच्या खटल्यात दोन प्रामाणिक माणसं त्याच कागदांवरून वेगवेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतात. निर्णयाला एवढी जागा मोकळी असते, म्हणूनच निर्णय देणाऱ्याच्या घरचे शेअर मोजले जातात.

४. तोटा सोसला, मग चुकलं काय?

समजा, बेळ्ळंदूरच्या एका अपार्टमेंटमध्ये पाण्याच्या टँकरचं कंत्राट द्यायचं आहे. तीन निविदा आल्या आहेत आणि त्यांतली एक सेक्रेटरीच्या मेव्हण्याची आहे. सेक्रेटरी सज्जन आहे. त्याने मेव्हण्याची निविदा बाजूला ठेवली आणि दुसऱ्याला कंत्राट दिलं. रहिवासी समाधानी होतील का? काही जण म्हणतील, मेव्हण्याला डावललं, माणूस सरळ आहे. मेव्हणा म्हणेल, नातं नसतं तर कंत्राट मलाच मिळालं असतं, माझा दर कमी होता, पण याला स्वतःचं नाव राखायचं होतं. मेव्हण्याच्या या बोलण्यात तथ्य असू शकतं. आपण पक्षपाती दिसू नये म्हणून माणूस उलट्या बाजूला झुकतो आणि तोही पक्षपातच असतो.

सिस्कोलाही अशी शंका घेता येत होती. म्हणून न्यायाधीशाच्या मनात खरोखर काय होतं, हे कायदा शोधत बसत नाही. ते शोधायचं साधनच नसतं. कायदा वेगळा प्रश्न विचारतो : सगळी परिस्थिती ठाऊक असलेल्या शहाण्या माणसाला इथे पक्षपाताची रास्त शंका येईल का?

हे तत्त्व जुनं आहे. इंग्लंडमध्ये एका कालवा कंपनीच्या खटल्यात लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता. नंतर कळलं, की त्यांचे त्या कंपनीत शेअर आहेत. १८५२ मध्ये अंतिम अपिलं ऐकणाऱ्या, संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने तो निकाल रद्द केला. या शेअरांचा कॉटनहॅम यांच्यावर तिळमात्र प्रभाव पडला असेल असं कुणालाही वाटत नाही, हेही त्याच वेळी नोंदवलं. त्यांची सचोटी मान्य झाली, निकाल मात्र टिकला नाही.

भारतात हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये स्पष्ट केला. निकालपत्र साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांचं होतं. राजस्थानातल्या एका वकिलाविरुद्ध गैरवर्तनाची चौकशी झाली. चौकशी समितीचे अध्यक्ष स्वतः वकील होते आणि पूर्वी त्याच वादात तक्रारदाराच्या बाजूने उभे राहिले होते. न्यायालय म्हणालं, अध्यक्षांच्या मनात प्रत्यक्ष पूर्वग्रह होता हे सिद्ध करायची गरज नाही. पक्षकाराला तशी रास्त भीती वाटणं पुरेसं आहे. तरीही वकील हरला, कारण सगळं माहीत असून त्याने समितीपुढे हरकत घेतली नव्हती. निर्णय विरुद्ध गेल्यावर हरकत काढली. हरकत घ्यायची तर वेळेवर घ्या, हा त्या निकालाचा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा अर्धा भाग आहे.

निःस्पृह न्यायाधीश म्हटलं की मराठी माणसाला रामशास्त्री प्रभुणे आठवतात. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला दोषी धरणारे, पेशव्यांच्याच चाकरीतले न्यायाधीश. पण रामशास्त्र्यांची गोष्ट एका माणसाच्या धैर्याची आहे. न्यायव्यवस्थेला शेकडो खुर्च्या भरायच्या असतात आणि प्रत्येक खुर्चीवर रामशास्त्री मिळेल असं गृहीत धरता येत नाही. सर्वसाधारण प्रामाणिक माणसाने न्याय केला तरी त्यावर विश्वास बसावा, म्हणून नियम लागतात.

५. आपल्याकडचा नियम

न्यायाधीशाने खटल्यातून कधी बाजूला व्हावं, याचा अमेरिकेसारखा तपशीलवार कायदा भारतात वरिष्ठ न्यायालयांसाठी नाही. ७ मे १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सगळ्या न्यायाधीशांनी मिळून १६ कलमांची एक आचारसंहिता स्वीकारली. तिच्यात शेअरांविषयी दोन गोष्टी आहेत. न्यायाधीशाने शेअर बाजारात सट्टा करू नये. आणि ज्या कंपनीचे शेअर आपल्याकडे आहेत तिचा खटला ऐकू नये. मात्र त्याने ही गोष्ट उघड केली आणि कुणी हरकत घेतली नाही, तर ऐकता येतो.

फरक लक्षात घ्या. अमेरिकेत संमती निरुपयोगी आहे, आपल्याकडे ती पुरते. नॉरफोकचा प्रसंग इथे घडला असता तर सिस्कोने हरकत घेतल्यामुळे प्रश्न उभा राहिलाच असता. पण दोन्ही पक्ष गप्प राहिले असते, तर निकाल टिकला असता.

उघड करणं किती पुरतं, हे २००९ मध्ये दिसलं. खटला पेटंटचा नव्हता. अंबानी बंधूंच्या कंपन्यांमधल्या गॅसच्या वादाचा होता. खंडपीठावर न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन होते, जे पूर्वी बंगळुरूला कर्नाटक उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. आपल्याकडे दोन्ही कंपन्यांचे शेअर आहेत, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. कुणाची हरकत नव्हती. सुनावणी सुरू झाली. काही दिवसांनी त्यांना कळलं, की त्यांची मुलगी ज्या कायदेसंस्थेत काम करते ती यांतल्या एका उद्योगसमूहाला सल्ला देते. ४ नोव्हेंबरला ते खटल्यातून बाजूला झाले. स्वतःचे शेअर उघड केल्यावर ते खटल्यात राहिले, लेकीच्या नोकरीचं कळल्यावर बाहेर पडले. दोन्ही कंपन्यांचे शेअर असले की निदान पारडी समान राहतात. मुलीची नोकरी एकाच बाजूला होती.

६. मत असणं हा दोष आहे का?

पैशाचा हितसंबंध मोजता येतो. मताचं काय करायचं? भारतातला सर्वांत गाजलेला पेटंट खटला अशा प्रश्नांनी वारंवार अडला.

नोव्हार्टिस या स्विस कंपनीने रक्ताच्या एका कर्करोगावरच्या ‘ग्लिव्हेक’ या औषधासाठी १९९८ मध्ये चेन्नईला अर्ज केला होता. भारतीय औषध कंपन्यांनी आणि मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्याला विरोध केला. जानेवारी २००६ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. अपील वर उल्लेखलेल्या खास मंडळाकडे गेलं आणि तिथेच पहिली अडचण आली. मंडळावर तांत्रिक सदस्य म्हणून जे बसणार होते, ते पूर्वी पेटंट कार्यालयाचे प्रमुख होते. ज्या कार्यालयाने अर्ज फेटाळला त्याचेच माजी प्रमुख अपील कसं ऐकणार, असा नोव्हार्टिसचा आक्षेप होता. न्यायालयाच्या फेऱ्या झाल्या आणि अखेर दुसऱ्या तांत्रिक सदस्यासह मंडळाने जून २००९ मध्ये निर्णय दिला. तोही कंपनीच्या विरुद्ध गेला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. २००९ मध्येच न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू बाजूला झाले. औषधांच्या पेटंटविषयी त्यांनी पूर्वी लेख लिहिला होता. पुढे खटला न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांच्याकडे आला. ते आधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. पेटंटधारक कंपन्यांच्या एका अमेरिकी संघटनेने न्यायाधीशांसाठी भरवलेल्या परिषदांना ते गेले होते आणि नोव्हार्टिस त्या संघटनेशी जोडलेली आहे, असा आक्षेप आरोग्य चळवळीतल्या संस्थांनी घेतला. सप्टेंबर २०११ मध्ये तेही बाजूला झाले.

काटजू यांच्या बाबतीत शंका कंपनीच्या विरुद्ध असण्याची होती, भंडारी यांच्या बाबतीत कंपनीकडे झुकण्याची. दोघांनीही काही गैर केलं होतं असं सिद्ध झालं नाही, कुणी ते सिद्ध करायला गेलंही नाही. शंका दोन्ही दिशांनी घेता येते आणि दोन्ही दिशांना तिचं उत्तर एकच असतं, एवढं यातून दिसतं.

पण मग मत असणारा कुठलाच न्यायाधीश चालणार नाही का? तसं नाही. २०१९ मध्ये जमीन संपादनाच्या एका प्रकरणात न्यायमूर्ती अरुण मिश्रा यांच्यावर असाच आक्षेप आला, की याच मुद्द्यावर त्यांनी आधी एका निकालात मत दिलं आहे. त्यांनी बाजूला व्हायला नकार दिला. निकालात मांडलेलं मत हे न्यायाधीशाचं कामच आहे आणि मोठं खंडपीठ ते बदलूही शकतं, असा त्यामागचा विचार होता. सीमारेषा साधारण अशी आहे : कायद्याबद्दल मत असायला हरकत नाही, समोरच्या पक्षकाराबद्दल ते आधीच ठरलेलं नसावं. लेख आणि परिषदा या रेषेच्या अगदी काठावर येतात, म्हणून त्यांच्याबद्दल न्यायाधीशांमध्येही एकवाक्यता नाही.

पेटंटचं वकिली वर्तुळ फार लहान असतं, ही त्यात भर. तेच वकील पुन्हा पुन्हा समोर येतात. अमेरिकेच्या पेटंट अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश रँडल रेडर यांनी २०१४ मध्ये एका वकील मित्राला कौतुकाचा ईमेल पाठवला आणि तो इतरांना दाखवायलाही सुचवलं. त्यांना माफी मागावी लागली, मुख्यपद सोडावं लागलं आणि थोड्याच दिवसांत ते निवृत्त झाले. ईमेलमध्ये पैशाचा संबंध नव्हता, फक्त स्तुती होती.

७. सहानुभूती कुठे ठेवायची?

ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता. भारतीय कंपन्यांचं तेच औषध ८ ते १० हजारांत मिळे. असा खटला ऐकताना न्यायाधीशाला रुग्ण आठवू नयेत असं कोण म्हणेल? पण आठवले, तर त्यांना निकालात जागा द्यायची का?

खास मंडळाने ती दिली होती. इतकं महाग औषध सार्वजनिक हिताला बाधक आहे, हेही एक कारण त्याने पेटंट नाकारताना नोंदवलं. सर्वोच्च न्यायालयाने वेगळी वाट धरली. न्यायमूर्ती आफताब आलम आणि मुंबईच्या न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठाने १ एप्रिल २०१३ रोजी अपील फेटाळलं, ते किमतीच्या आधारावर नाही. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(ड) म्हणतं, की आधीच माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाला पेटंट मिळणार नाही, जोवर त्या रूपाने गुण वाढल्याचं दाखवता येत नाही. नोव्हार्टिसने त्या औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर हक्क मागितला होता आणि ते शरीरात ३० टक्के अधिक शोषलं जातं असं सांगितलं होतं. न्यायालय म्हणालं, औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण. जास्त शोषलं जाण्याने तो वाढतो, हे पुराव्याने दाखवा. ते दाखवलं गेलं नव्हतं.

याच्या शेजारी दुसरा खटला ठेवू. बायर कंपनीचं ‘नेक्साव्हर’ हे कर्करोगावरचं औषध महिन्याला २,८०,४२८ रुपयांना पडे. हैदराबादच्या नॅटकोने ते ८,८८० रुपयांत द्यायची तयारी दाखवली. मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी ९ मार्च २०१२ रोजी नॅटकोला सक्तीचा परवाना दिला आणि बायरला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वशुल्क ठरवून दिलं. ते अपिलात ७ टक्के झालं. मुंबई उच्च न्यायालयाने १५ जुलै २०१४ रोजी परवाना कायम ठेवला. इथे किंमत हाच निकालाचा एक मुख्य आधार होता. कारण सक्तीच्या परवान्याचं कलम स्वतःच विचारतं, की पेटंट असलेली वस्तू लोकांना परवडेल अशा दरात मिळते का?

दोन्ही खटले कर्करोगाच्या औषधांचे, दोन्हींत रुग्ण गरीब. एकात किंमत निकालाबाहेर, दुसऱ्यात निकालाच्या मध्यभागी. अलिप्तता म्हणजे न्यायाधीशाला दया नसणं, असा समज आहे. तो चुकीचा आहे. कायद्याने जो प्रश्न विचारला आहे त्याचंच उत्तर देणं, स्वतःला जो प्रश्न विचारावासा वाटतो त्याचं न देणं, ही अलिप्तता. कायदा किंमत विचारतो तेव्हा ती बघायची. विचारत नाही तेव्हा रुग्णाची बाजू योग्य असूनही तिला आधार कायद्यातच शोधायचा. १ एप्रिल २०१३ चा निकाल जगभर इतक्या बारकाईने वाचला गेला आणि तरी उभा राहिला, याचं कारण तो दयेवर उभा नव्हता.

८. जाणकार न्यायाधीश अधिक निःपक्ष असतो का?

बेळ्ळंदूरच्या इंजिनिअरचा आवडता आक्षेप असा, की ज्याने आयुष्यात कोडची एक ओळही लिहिली नाही तो सॉफ्टवेअरचा निवाडा काय करणार? ओरॅकल आणि गूगल यांच्या २०१२ च्या खटल्यात न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांना प्रोग्रॅमिंग येत होतं. खटल्यासाठी त्यांनी थोडी जावाही शिकून घेतली. नऊ ओळींच्या एका तुकड्यावर ओरॅकल फार जोर देत होती. असा तुकडा आपण स्वतः कितीदा तरी लिहिला आहे, असं त्यांनी भर न्यायालयात सांगितलं. ज्ञानाचा हा फायदा झाला.

पण ज्ञानात धोकाही आहे. पेटंटच्या खटल्यात न्यायाधीशाला काळात मागे जावं लागतं. पेटंटसाठी अर्ज झाला त्या दिवशी, त्या विषयातल्या साध्या कारागिराला तो सुचला असता का, हे ठरवायचं असतं. आज उत्तर समोर असताना ते सोपंच वाटतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये भांडी तयार करताना लेथवर धरून ठेवण्याच्या एका साधनाचं पेटंट रद्द केलं. त्या वेळी लेथ चालवणाऱ्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींत यातली भर कितीशी, हे पुराव्यावरून तपासून केलं. न्यायाधीश स्वतः त्या विषयातला वाकबगार असेल, तर ‘हे तर मलाही सुचलं असतं’ हा मोह त्याला अधिक होतो. पैशापासून दूर राहणं सोपं, स्वतःच्या हुशारीपासून दूर राहणं अवघड.

म्हणून कायद्याने ज्ञान बाहेरून आणायची सोय केली आहे. पेटंट कायद्याच्या कलम ११५ नुसार न्यायालय स्वतंत्र वैज्ञानिक सल्लागार नेमू शकतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बौद्धिक संपदेचा वेगळा विभाग काढला, मद्रासनेही नंतर तो काढला. तिथे असे खटले सतत ऐकणारे न्यायाधीश तयार होतात. दिल्लीच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंग यांचं कायद्याचं शिक्षण बंगळुरूच्या युनिव्हर्सिटी लॉ कॉलेजात झालं. न्यायाधीश होण्याआधी त्या याच क्षेत्रातल्या नामवंत वकील होत्या. संगणक प्रोग्रॅमवर सरसकट पेटंटबंदी नाही, त्यातून तांत्रिक परिणाम साधतो का ते पाहा, असं त्यांनी २०१९ मध्ये एका निकालात सांगितलं. रिंग रोडवरच्या अनेक कंपन्यांच्या अर्जांशी या निकालाचा थेट संबंध आहे. असे जाणकार न्यायाधीश हवेतच. त्यांच्या जुन्या अशिलांचे खटले दुसऱ्याकडे जाण्याची सोयही बरोबरच हवी.

९. बाजूला होण्याचीही किंमत असते

मग शंका आली की न्यायाधीशाने लगेच उठून जावं, हे बरं नाही का? नाही. हरकत घेतली की न्यायाधीश बदलतो, हे पक्षकारांच्या लक्षात आलं तर नकोशा न्यायाधीशापुढे हरकतींची रांग लागेल. २०१५ मध्ये न्यायाधीशांच्या नेमणुकांसंबंधीच्या खटल्यात न्यायमूर्ती खेहर यांना बाजूला होण्याची विनंती झाली. त्यांनी ती नाकारली, नाहीतर चुकीचा पायंडा पडेल म्हणून. त्याच प्रकरणात न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : बाजूला होताना न्यायाधीशाने कारण द्यावं. आजही बहुतेक वेळा ते दिलं जात नाही आणि आतली गोष्ट काय असेल याचे तर्क सुरू होतात. शंका मिटवण्यासाठी उचललेलं पाऊल नवी शंका पेरतं.

उशीर हीदेखील किंमतच. ग्लिव्हेकचा खटला सर्वोच्च न्यायालयात येऊन निकाल लागेपर्यंत जवळजवळ चार वर्षं गेली. सिस्कोच्या खटल्यात पहिल्या निकालापासून दुसऱ्यापर्यंत तीन वर्षं. पेटंटचं आयुष्य २० वर्षांचं, त्यात ही वर्षं मोजायची.

१०. वाचकासाठी तीन गोष्टी

तुम्ही किंवा तुमची कंपनी पेटंटच्या वादात असाल, तर न्यायाधीश, मध्यस्थ किंवा तज्ज्ञ यांच्याविषयी जी हरकत असेल ती पहिल्याच दिवशी लेखी घ्या. १९५७ चा निकाल हेच शिकवतो. निकाल लागल्यावर आठवलेल्या हरकतीला न्यायालय दाद देत नाही.

तुम्ही स्वतः तज्ज्ञ किंवा सल्लागार म्हणून बोलावले गेलात, तर आधी घरातल्या सगळ्यांची डीमॅट खाती पाहा. १०० शेअर असले तरी सांगा. रक्कम किती मोठी आहे ते इतरांना ठरवू द्या.

आणि तुम्ही फक्त बातमी वाचणारे असाल, तर निकाल कुणाच्या बाजूने लागला यावरून न्यायाधीश निःपक्ष होता की नाही हे ठरवू नका. निकालपत्र उघडा आणि कायद्याने कोणता प्रश्न विचारला होता ते शोधा. न्यायाधीशाने त्याच प्रश्नाचं, पुरावा दाखवून, कारण देऊन उत्तर दिलं असेल, तर निकाल तुम्हाला आवडो न आवडो, न्याय झाला आहे.